टाकीचं माप बरोबर आहे

"सहा महिन्यांत या घरात एंजल माशांची पिल्लं पोहत असतील," मुंगीच्या आईने रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं आणि वहीचं पान उलटलं. वहीवर वेष्टण होतं, त्यावर 'मासे' असं लिहिलेलं होतं, आणि एकही मासा घरात येण्याआधी तिची अठरा पानं भरली होती.

नवऱ्याने पेपरमागून विचारलं, "आणि मुंगी?"

"मुंगी त्यांच्याकडे बघत बघत जेवेल."

"की ते मुंगीकडे बघत बघत जेवतील?"

तिने आणखी एक पान उलटलं. रसायनशास्त्रात विद्यापीठात तिसरी आलेली बाई असल्या प्रश्नांना उत्तर देत नसते.

मुंगी अडीच वर्षांची. खाणं मुंगीएवढं म्हणून हे नाव पडलं. खरी मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलून नेते. आमची मुंगी दोन शितं तोंडात धरून तासभर फिरायची आणि मग ती आजोबांच्या चपलेत नेऊन ठेवायची. तिच्या आईने भाताची चिऊ केली, काऊ केला, बटाट्याचा ससा केला, सशाला जिऱ्याचे डोळे लावले. मुंगीने सशाला थोपटून झोपवलं आणि जेवण संपल्याचं जाहीर केलं.

मग एकदा तिला सर्दी झाली. दवाखान्यात बसायच्या खोलीत माशांची टाकी होती, त्यात चार एंजल मासे. बाविसावा नंबर. आईने सहज डबा उघडला, टाकीकडे बघणाऱ्या मुंगीच्या तोंडाशी सहज चमचा नेला, आणि तोंड उघडलं. आपोआप, बँकेच्या दारासारखं. डबा संपला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी तिलाच आधी तपासलं.

सर्दी चार दिवसांत गेली, पण दवाखाना सुटला नाही. रोज दुपारी बारा वाजता मायलेकी डबा घेऊन दवाखान्यात हजर. तिसऱ्या आठवड्यात नंबर लावणाऱ्या बाई उठून जवळ आल्या. हात ओला, बाही खांद्यापर्यंत वर.

"काय होतंय बाळाला?"

"काही नाही. जेवतेय."

"ते दिसतंय हो. अहो, इथे खोकल्याची पोरं येतात. धडधाकट मुलीला कशाला आणून बसवता? आजारी पडेल तेव्हा या."

मुंगीच्या आईने डब्याचं झाकण शांतपणे लावलं. "नाही येणार. आमच्या घरी टाकी येतेय. तुमच्यापेक्षा मोठी. तुमचे मासे तसेही म्हातारे झालेत."

टाकी वगैरे काही येत नव्हती. ती दवाखान्याची पायरी उतरताना ठरली.

*

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. त्याच्या बहिणीकडे माळ्यावर काचेचा एक गोल बाऊल पडला होता. तो आणायचा, दोन मासे सोडायचे, विषय संपला.

"गोल?" ती म्हणाली. "तुला दिवसभर गोल लिफ्टमध्ये कोंडलं तर?" तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

"दिवसभर चौकोनी लिफ्टमध्येच असतो मी. कुणी वही केली नाही माझ्यावर."

मासे विकणारा दुकानदार मात्र तिला पहिल्या भेटीतच पटला, कारण तो विकण्याआधी ओरडायचा. "एंजलला लांब टाकी नको, ताई, उंच पाहिजे. अंगाने चपटा, पण वरपासून खालपर्यंत पसरलेला. पतंग समजा. बुटक्या टाकीत त्याचे पंख वाकडे होतात. साठ सेंटिमीटर तरी उंची घ्या. कोपऱ्यात पाटीचा दगड तिरका उभा करून ठेवा, त्यावर अंडी घालतील. आणि पाणी भरून महिनाभर नुसतं ठेवायचं. पाणी मुरल्याशिवाय मासा मागायला आलात तर देणार नाही."

"आणि जोडी?"

"जोडी मी देत नाही. सहा छोटे घेऊन जा. कुणाचं कुणाशी जुळतं ते त्यांचं ते बघतील. आपण जुळवून दिलं तर मारामारी करतात."

तिला हे इतकं पटलं की तिने ते वहीत दोनदा लिहिलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आपलं तर तुझ्या मावशीने जुळवलं होतं." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

टाकी कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत बसवायची होती. लांबी-रुंदीसाठी तिने जुना पेपर जमिनीवर अंथरून जागेच्या आकाराचा कापला. त्यात चूक व्हायला वावच नव्हता. राहिली उंची. आणि इथे बाबांचा टेप आला.

बाबा म्हणजे तिचे सासरे, सुतार. बाहेर सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांच्या मोजायच्या टेपचे सुरुवातीचे दहा सेंटिमीटर फार वर्षांपूर्वी एका दारात सापडून तुटले होते. म्हणजे टेप सुरूच दहावर व्हायचा. साठ हवे असतील तर टेपवर सत्तर बघायचे. बाबांना त्याची इतकी सवय होती की सरळ टेप हातात आला तर त्यांना तोच वाकडा वाटायचा. काचवाल्याने एकदा त्यांना नवा टेप भेट दिला, तर बाबा त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत. तो नवा टेप मुंगीच्या खेळण्यांच्या टोपलीत पडला होता. तेव्हापासून घरात आणि घराबाहेर एक अलिखित शिस्त होती. बाबांच्या टेपबद्दल बोलायचं नाही, गुपचूप दहा मिळवायचे.

मुंगीच्या आईला हवे होते साठ. तिने गुपचूप दहा मिळवले आणि चिठ्ठीवर लिहिलं, उंची सत्तर.

चिठ्ठी नवऱ्याने बाबांकडे न्यायची होती. जिन्यात त्याने ती वाचली. सत्तर. बायको सरळ मनाची, टेपचं विसरली असणार. त्याने सातावर बोट ठेवून विचार केला आणि खिशातलं पेन काढून त्याचा आठ केला.

बाबांनी ऐंशी वाचलं. ते आपल्या टेपला तुटका मानत नसत, पण दहा मिळवायचे हे त्यांच्या हातालाच माहीत होतं. काचवाल्याला फोन लावून म्हणाले, "नव्वद कर."

काचवाला तीस वर्षं बाबांबरोबर काम करत होता. "नव्वद, मिस्त्री," तो म्हणाला, फोन ठेवला, आणि पाटीवर लिहिलं, शंभर.

सगळ्यांनी प्रेमापोटी केलं. कुणी कुणाला बोललं नाही.

*

टाकी आली तेव्हा मुंगीच्या आईला आधी वाटलं की काचवाल्याने खोक्यात उभं कपाट आणलं. दोन माणसांनी आडवी धरून ती दारातून आत घेतली आणि जागेवर उभी केली. लांबी-रुंदी पेपराबरहुकूम, केसभर इकडेतिकडे नाही. उंची मात्र मीटरभर. काच बोटभर जाड.

"उंचीमुळे जाडी वाढवावी लागली," काचवाला म्हणाला, आणि मग तिच्या कानाशी येऊन समजूतदारपणे कुजबुजला, "मिस्त्रींचे दहा मी मिळवलेत हं. काळजी नको."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. "तूही मिळवलेस?" तिने ओठ न हलवता विचारलं. त्याने मान हलवली. बाबा टाकीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "सूनबाई, जरा उंच नाही वाटत?"

खरं तर हाच क्षण होता. एक वाक्य बोललं असतं तर टाकी परत गेली असती. पण ते वाक्य बाबांच्या टेपवरून गेलं असतं. शिवाय नवरा म्हणाला, "आमच्या लिफ्टची केबिन याहून बुटकी असते. यात मासे ठेवायचे की माणसं वरखाली न्यायची?"

मुंगीच्या आईने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला गाठ मारून बांधली. "मी हेच माप सांगितलं होतं. एंजलला उंची लागते. वहीत आहे."

बाबांनी केलेला स्टँड पाऊण मीटर उंच होता. त्यावर ही टाकी ठेवली असती तर मासे बघायला मान वर करून हात जोडावे लागले असते. बाबांनी स्टँडचे पाय कापून वीतभर ठेवले. तिने दोनशे सत्तर लिटर पाण्याचं वजन काढलं, एक सतरंजी उचलून फरशी निरखली, आणि आपण तळमजल्यावर राहतो याबद्दल मनातल्या मनात आभार मानले.

तेरा-चौदा बादल्या ओतल्या. मग महिनाभर पाणी मुरत ठेवलं. मुंगी रोज बारा वाजता बिनमाशांच्या टाकीसमोर बसायची, पाण्याकडे बघायची आणि तोंड मिटून घ्यायची.

"मासे नाहीत म्हणून," आई म्हणायची.

मासे आले. सहा. पापडाच्या तुकड्याएवढे, अंगावर काळे उभे पट्टे, ऐटबाज. मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं. आईने श्वास धरला आणि चमचा नेला. तोंड मिटलेलं.

"नवीन आहेत म्हणून," आई म्हणाली.

दहा दिवस गेले. रोज संध्याकाळी नवरा विचारायचा नाही, पण विचारायचा नाही ते तिला ऐकू यायचं. मुंगीच्या मनगटाला तिने आपल्या अंगठ्याने आणि बोटाने वेटोळं घालून पाहिलं. बोट आधीपेक्षा पुढे गेलं. ते तिने वहीत लिहिलं नाही.

अकराव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, पाटीचा दगड घसरून टाकीच्या तळाशी आडवा झाला. आडव्या दगडावर एंजल अंडी घालत नाहीत. तो उभा करायला हवा. तिने स्टुलावर चढून हात घातला. खांद्यापर्यंत गेला, तळ अजून खूप दूर.

"चिमटा दे."

चिमटा आखूड पडला. मग स्वयंपाकघरातलं लांब दांड्याचं प्लॅस्टिकचं उलथणं. त्याने दगड हलला, पण उलथणंच हातातून सुटलं आणि खाली जाऊन दोन गोट्यांमध्ये घट्ट उभं राहिलं, चपटा भाग वर, झेंड्यासारखं.

"राहू दे," नवरा म्हणाला. "माशांना करू दे स्वयंपाक."

हे त्याने बोलायला नको होतं. तिने काठावर टॉवेलची घडी ठेवली. "माझे पाय धर."

"अगं..."

"धर म्हटलं ना."

आणि ती आत गेली. आधी हात, मग डोकं, मग कमरेपर्यंत. सहा मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन भिंतीला चिकटले. बाहेर नवरा दोन्ही घोटे धरून उभा, काचेपलीकडे त्याला बायकोचे गाल फुगलेले आणि केस शेवाळासारखे वर तरंगताना दिसत होते. तिने पाटीचा दगड उभा केला, उलथण्याला हात घातला, ते निघेना, श्वास संपला, पाय झाडले. नवऱ्याने ओढून बाहेर काढलं. नाकातून पाणी, कानातून पाणी, गाऊन पोटापर्यंत भिजलेला.

आणि खोलीत एक आवाज येत होता, जो महिन्याभरात कुणी ऐकला नव्हता. मुंगी खदाखदा हसत होती. हसताना तोंड उघडं. बाबा शेजारी वाटी घेऊन बसलेले. त्यांनी संधी साधली आणि चमचा आत सरकवला. मुंगीने चावलं. गिळलं. टाकीकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, पुन्हा."

ती पुन्हा गेली. दुसरा चमचा. तिने नुसता हात घातला, खांदा बुडवला, एक कान पाण्यात. तिसरा, चौथा, पाचवा. वाटी संपली.

ओल्या केसांनी स्टुलावर उभी असताना मुंगीच्या आईला दवाखाना आठवला. नंबर लावणाऱ्या बाई. रोज बारा वाजता त्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून काच घासायच्या. त्या दिवशीही हात ओला होता, बाही वर होती. तिने माशांचे पट्टे मोजले होते, टाकीचे लिटर काढले होते, दिव्याचा रंग टिपून ठेवला होता. मुलगी नेमकी कशाकडे बघतेय, तेवढंच बघायचं राहिलं होतं.

"म्हणजे मासे लागतच नव्हते," नवरा हळूच म्हणाला. "एक बादली आणि तू."

"बादलीत उंची कुठे असते?" ती म्हणाली आणि केस पिळले.

*

तेव्हापासून रोज बारा वाजता मुंगीची आई स्टुलावर. बाबा वाटी-चमचा घेऊन खाली. उजवा हात आत, उजवा कान आत. डाव्या कानाने ती मुंगीचे घास मोजायची. शेजारीण एकदा साखर मागायला आली, दारातून हे पाहिलं आणि साखर न घेता गेली. मासे सुरुवातीला घाबरले, मग कंटाळले, मग तिच्या बोटाशी येऊ लागले. मुंगीच्या मनगटाला बोट पुरेनासं झालं. ते मात्र वहीत तारखेनिशी आलं.

मासे आल्यापासून पाचव्या महिन्यात त्यांतले दोघे इतर चौघांना कोपऱ्यात हाकलू लागले. पाटीच्या दगडाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दोन दिवस उलथणं चोखून साफ केलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यावर ओळीने अंडी घातली. मोत्यांच्या सरांसारखी, तीनशे तरी.

"उलथण्यावर?" नवरा म्हणाला.

"ठरवूनच ठेवलं होतं ते तिथे."

दुकानदाराला फोन केला. तो खूश झाला आणि लगेच ओरडू लागला. "तीन दिवस टाकीत हात घालू नका, ताई. दिवा फटकन लावू नका. पहिलीच वेळ आहे त्यांची. घाबरले की अंडी खातात."

"स्वतःची?"

"दुसऱ्याची कुठून आणतील?"

पहिल्या दुपारी मुंगी टाकीसमोर बसली. आई स्टुलावर चढली नाही. तोंड उघडलं नाही. बाबांनी बादलीत हात घालून दाखवला. मुंगीने आजोबांकडे असं पाहिलं की त्यांनी हात मुकाट्याने काढून पुसला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा घेतली, डोक्यावर ओला टॉवेल घेतला, लिफ्ट अडकल्याचे आवाज काढले. दोन घोट दूध गेलं. टाकीत आई-मासा आणि बाप-मासा आळीपाळीने उलथण्यावर पंखांनी वारा घालत होते. बाहेरही साधारण तेच चाललं होतं.

तिसरी दुपार. अंड्यांत काळे ठिपके दिसू लागले होते, म्हणजे आता काही तासांचा प्रश्न. सहा महिन्यांचा शब्द, तोही आठवडाभर आधीच खरा होणार होता. मुंगीने वाटी दूर सारली आणि टेबलावर डोकं टेकलं. रडली नाही, हट्ट केला नाही. तेच वाईट होतं. म्हणाली, "आई, पाण्यात जा ना."

मुंगीच्या आईने तिच्या मनगटाकडे पाहिलं. मग टाकीकडे. मासोळी काचेआडून तिच्याकडेच बघत होती, पंख हलवत, डोळा न मिटता. अशी नजर तिने रोज आरशात पाहिली होती.

"मला माफ कर, बाई," ती मासोळीला म्हणाली. "तुझी तीनशे आहेत. माझी एकच आहे."

आणि बाही वर केली.

एका बाजूला मुंगीने चमच्यामागून चमचा संपवला. दुसऱ्या बाजूला मासोळीने ओळीमागून ओळ. बापही मदतीला आला. दोघींच्या वाट्या साधारण एकदमच रिकाम्या झाल्या. त्या दुपारी घरात कुणी उपाशी राहिलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याने बूट काढता काढता विचारलं, "अंडी?"

"जेवणात गेली."

त्याने दुसरा बूट काढला. मग म्हणाला, "तुझ्या जागी मीही हात घातला असता." ती ऐकायला फारशी तयार नव्हती, तरी तिने त्याला चहा आधी दिला.

*

मासोळी पंधरा दिवसांनी पुन्हा उलथणं चोखू लागली. दुकानदार म्हणाला, पुढच्या वेळी उलथणंच उचलून अंड्यांसकट एका वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा, म्हणजे तुम्ही मोठ्या टाकीत काय वाटेल ते करा. छोटी टाकी, उंची पन्नास.

या वेळी मुंगीची आई शहाणी झाली होती. मागे सगळे मिळवत गेले म्हणून घोळ झाला. तिने दहा मिळवले नाहीत. चिठ्ठीवर सरळ पन्नास लिहिले.

नवराही शहाणा झाला होता. बायको हट्टी, पुन्हा दहा मिळवूनच लिहिणार. त्याने पाचाचा चार केला. बाबांनी चाळीस वाचलं, मागच्या टाकीची उंची आठवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या टेपवर शंका घेऊन फोनवर म्हणाले, "तीस." काचवाल्याने मागचा घोळ मनाला लावून घेतला होता. त्याने पाटीवर वीस लिहिलं.

पुन्हा कुणी कुणाला बोललं नाही.

टाकी आली ती एका हातात. काचवाल्याने ती टेबलावर ठेवली. मुंगीच्या डब्याशेजारी ठेवली तर दोन्ही भाऊभाऊ वाटावेत. उलथणं तिच्यात उभं केलं असतं तर गच्चीवरच्या अँटेनासारखं बाहेर आलं असतं. नवरा वाकून बघत राहिला. "माझ्या बहिणीचा गोल बाऊल," तो म्हणाला, "याहून..."

तेवढ्यात मुंगी खुर्चीवर चढली. टाकी गळते का बघायला काचवाल्याने तिच्यात काठापर्यंत पाणी ओतलं होतं. मुंगीने फ्रॉकची बाही वर केली, अगदी खांद्यापर्यंत, गंभीरपणे. हात पाण्यात घातला. हात तळाला टेकला. मग कान पाण्यात लावता येतो का ते पाहिलं, तोही लागला. आणि त्याच अवस्थेत, आईकडे तिरप्या डोळ्याने बघत, तिने तोंड उघडलं.

बाबांनी चमचा सरकवला.

सगळे मुंगीच्या आईकडे बघू लागले. मुंगी जेवत असताना तिचे केस कितीतरी महिन्यांनी कोरडे होते. तिने वही उघडली, शेवटचं पान काढलं.

"मी हेच माप सांगितलं होतं," ती म्हणाली.